आत्याआजीचे पत्र आणि भाच्याची तपासणी

२०२४ ची दिवाळी नुकतीच सरली होती. आकाशकंदील अजून उतरवला नव्हता. तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणायला पिशवी घेऊन मी बाहेर पडणार, एवढ्यात बडोद्याहून भाच्याचा फोन आला. सणावाराला फोन करणारा हा मुलगा. पण आवाज सणाचा नव्हता.

"मामा, तुम्ही एकटेच आहात ना? मामी जवळ नाही ना?"

मी माडीवर गेलो. मग हळूहळू सारे बाहेर आले. कंपनीच्या कामासाठी तो बाहेरगावी गेला होता. तिथे ओळखीच्या एका बाईशी संबंध आला. दोघांच्या मर्जीने आला, पण कोणतेही साधन वापरले नव्हते. त्याला पाच दिवस झाले होते. तिसऱ्या दिवसापासून लघवीला जळजळ सुरू झाली होती. आणि माघात त्याचे लग्न ठरले होते.

"कोणाला दाखवलंस?" मी विचारले.

"रेल्वेच्या रुळांकडेला भिंतीवर जाहिराती असतात ना, तशा एकाकडे गेलो होतो. त्याने न तपासता पुड्या दिल्या. अठराशे रुपये घेतले."

मी रागावलो नाही. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यावर एवढे कळते, की माणसे वाईट असतात म्हणून अशा जाळ्यात सापडत नाहीत. घाबरलेली असतात म्हणून सापडतात. "पुड्या बंद कर. मी येतो," एवढेच म्हणालो आणि ऊस आणायचे काम धाकट्या मुलाकडे सोपवले.

हा लेख भाच्याच्या संमतीने लिहीत आहे. त्याचे नाव, त्याच्या सासरचे गाव यांत काही येणार नाही. पण गोष्ट एकट्या त्याची नाही. आमच्या घरात ती शंभर वर्षांपूर्वी एकदा घडून गेली आहे, तीही बडोद्यातच, आणि तिचा पुरावा माझ्या कपाटात आहे.

एक जुने पत्र

माझ्या आजोबांची धाकटी बहीण बडोद्याला दिली होती. आमच्याकडे तिला आत्याआजी म्हणत. तिचे यजमान गायकवाड सरकारच्या पागेत नोकरीला होते. दांडिया बाजारात घर, दारात घोडा, डोक्याला पगडी. बेळगावसारख्या गावातून मुलगी बडोद्याच्या दरबारी माणसाला पडली, याचे तेव्हा केवढे कौतुक झाले असेल!

लहानपणी मी तिच्याविषयी एकच वाक्य ऐकले होते: "तिला मूल लाभलं नाही हो." पुढे माजघरातल्या बायकांच्या बोलण्यातून कळले, की मुले झाली होती. तीन वेळा दिवस भरण्याआधीच गेले, दोन मुले मेलेली जन्मली, आणि एक मुलगी अंगावर फोड घेऊन आली व आठव्या दिवशी गेली. तिच्या सासूने तिला 'पांढऱ्या पायाची' ठरवले. यजमानांनी दुसरे लग्न केले. दुसरीचेही पहिले मूल मेलेले जन्मले. तेव्हा घरावर कोणाची तरी नजर आहे असे ठरले आणि शांत करवली गेली.

आजोबांच्या कागदांत आत्याआजीचे १९२१ सालचे एक पत्र मला सापडले. आजोबांनीच तिला बालबोध लिहायला शिकवले होते. अक्षर मोठे, ओळी वर चढत गेलेल्या. त्यात चार ओळी अशा आहेत:

"यांना पूर्वी गरमीचा विकार होता असे सासूबाई जावेशी हळू बोलताना मी ऐकले. पारा घेत असत. शेजारच्या नर्सबाई सांगतात की हल्ली रक्त काढून पाहतात व कळते. दादा, माझे औषधपाणी चालू आहे, मग यांचे रक्त का पाहत नाहीत? तुम्ही पुरुषमाणूस आहात, तुम्ही विचाराल काय?"

आजोबांनी विचारले की नाही, याचा कागद नाही. आत्याआजी १९२६ साली गेली.

बडोद्याच्या गाडीत बसलो तेव्हा हे पत्र मी पिशवीत घेतले. का घेतले, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते.

दोन भाषा, आणि तरी शब्द नाही

आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत जगतो. बाजारात कानडी, घरात मराठी. तसे बडोद्याच्या मराठी घरांत दारापर्यंत गुजराती आणि उंबऱ्याच्या आत मराठी. प्रत्येक वस्तूला आपल्याकडे दोन-दोन नावे असतात. पण या आजाराला धड एकही नाही.

मराठीत 'गरमी' म्हणायचे, म्हणजे उन्हाळा की आजार ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. दुसऱ्याला 'परमा'. गुजरातीत त्याचा 'परमियो' होतो आणि गरमीच्या व्रणाला 'चांदी' म्हणतात. केवढा सुंदर शब्द आणि कशावर घातला! डॉक्टरी मराठीत 'उपदंश' आहे, पण तो पुस्तकातच राहिला. आणि या सगळ्यांवर पांघरूण घालणारा 'गुप्तरोग' हा शब्द तर रोगापेक्षा गुप्ततेवरच भर देतो.

जुन्या वैद्यकाने मात्र एक शब्द सरळ ठेवला होता. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात 'फिरंग' नावाचा नवा रोग सांगितला. फिरंगी लोकांच्या संसर्गाने होतो म्हणून फिरंग. युरोपात ही साथ १४९५ च्या सुमारास नेपल्सच्या वेढ्यानंतर पसरली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेले. त्याच वाटेने रोगही आला. कानडीत गरमीला 'परंगी' म्हणतात, तो शब्दही याच वाटेचा. म्हणजे सगळ्यांनीच तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला. युरोपातही इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा. हा रोग आपला आहे असे कोणत्याही देशाने म्हटले नाही. कोणत्याही घराने तरी कुठे म्हटले आहे?

उपाय काय होता? चोपचिनी आणि पारा. आत्याआजीच्या यजमानांपर्यंत पारा चारशे वर्षे चालत आला. पाऱ्याने दात हलत, तोंड येई, कधी वरचे व्रण बरे दिसत आणि आतला रोग तसाच राही. त्यांना वाटले असेल, बरा झालो. त्याच समजुतीत त्यांनी बोहल्यावर पाऊल ठेवले.

तपासणी म्हणजे शिक्षा

गाडी सुरतेच्या पुढे गेली तेव्हा मला आमच्या गावचा एक विसरलेला भाग आठवला. बेळगावात छावणी आहे हे सर्वांना माहीत आहे. पण इंग्रजांच्या काळी बेळगाव, पुणे, खडकी अशा छावण्यांत 'लॉक हॉस्पिटल' असे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८६४ च्या छावणी कायद्याने त्याला आधार दिला आणि १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने मोठ्या शहरांपर्यंत तो पसरला. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला आणि १८८० मध्ये पुन्हा आला.

कायदा असा: वेश्या म्हणून ज्यांची नोंद झाली त्या बायकांनी ठरलेल्या दिवशी तपासणीला यायचे. रोग आढळला तर लॉक हॉस्पिटलात कोंडायचे. आली नाही तर दंड किंवा कैद. पोलिसाने कोणावर बोट ठेवले तर ती वेश्या नाही हे तिने सिद्ध करायचे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते त्या गोऱ्या शिपायांची तशी तपासणी? ती पूर्वी होत असे; शिपायांच्या स्वाभिमानाला धक्का लागतो म्हणून ती सोडून देण्यात आली होती.

याचा उपयोग झाला का? अर्ध्याच लोकांची तपासणी करून रोग जात नाही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षे चळवळ केली. तिथला कायदा १८८६ मध्ये आणि इथला १८८८ मध्ये रद्द झाला. पण छावण्यांत वेगवेगळ्या नावांनी तपासणी चालूच राहिली, आणि १८९५ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत दर हजारी पाचशेहून अधिक दाखले या रोगांचेच होते.

बडोद्यालाही ब्रिटिश रेसिडेन्सी होती आणि तिला लागून छावणी. फतेगंजला जुने लोक अजून कॅम्प म्हणतात. बडोद्यातल्या बाईमाणसांनी छावणीतली ही 'तपासणी' कानावर घेतलीच असणार. म्हणूनच आत्याआजीचा प्रश्न मला धाडसाचा वाटतो. ज्या काळी तपासणी म्हणजे बदनाम बाईला होणारी शिक्षा होती, त्या काळी एका घरंदाज बाईने विचारले, की यांचे रक्त का पाहत नाहीत?

आणि तिचा प्रश्न शास्त्राला धरून होता. १९०५ मध्ये जर्मनीत शॉडिन आणि हॉफमन यांनी या रोगाचा मळसूत्री जंतू शोधला. १९०६ मध्ये वासरमन यांनी रक्ताची चाचणी दिली. १९१० मध्ये एर्लिक व त्यांचे जपानी सहकारी हाता यांचे 'सालव्हर्सन' बाजारात आले. ते औषध त्रासदायक होते, पण पाऱ्यापेक्षा किती तरी चांगले. म्हणजे १९२१ मध्ये चाचणीही होती आणि औषधही होते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात तर नवे ज्ञान आणण्याची हौसच होती. १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा, १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल आणून ग्रंथालयांची उभारणी. पण कोणत्याही महाराजाचा हुकूम नवरा-बायकोच्या खोलीत पोचत नाही. तिथे घरातल्याच कोणी तरी बोलावे लागते.

बोलणारा एक माणूस मराठीत होता. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. आत्याआजीने पत्र लिहिले त्याच १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे नोकरी गेली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते: रोग हा रोग आहे, पाप नव्हे, त्याला प्रतिबंध आहे आणि उपचार आहे. यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला. कर्वे थांबले नाहीत. पण 'समाजस्वास्थ्य' आमच्या आजोबांच्या कपाटात नव्हते. त्या काळी कितीशा घरांत असणार!

केंद्रातली सकाळ

बडोद्याला बहिणीच्या घरी मी "सहज आलो" असे सांगितले. बहिणीने ढोकळा केला, सोबत आपली आमटी. दुसऱ्या दिवशी सकाळी "मामाला शहर दाखवतो" म्हणून भाचा मला घेऊन निघाला आणि आम्ही एका सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात गेलो.

तिथे 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी होती. समुपदेशन करणाऱ्या बाई मध्यमवयीन होत्या. "बेसो काका," म्हणून मला बाहेरच्या बाकावर बसवले आणि भाच्याला आत घेतले. दार लावून घेतले. मला बाहेर ठेवले याचे क्षणभर वाईट वाटले. मग बरे वाटले. मी मामा असलो तरी त्याच्या शरीराचा मालक नव्हे.

बाहेर आल्यावर त्याने जे सांगितले ते इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. एचआयव्हीची भीती असेल तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, डॉक्टरांकडे गेल्यास ते धोका पाहून २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करू शकतात. माझ्या भाच्याने ते तीन दिवस पुड्या खाण्यात घालवले होते. ती दारे बंद झाली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे आज केलेली चाचणी आजचे उत्तर देत नाही. परमा दोन ते सात दिवसांत लक्षणे दाखवतो. क्लॅमिडिया नावाचा त्याचा भाऊ पुष्कळदा काहीच दाखवत नाही. गरमीचा व्रण दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत कधीही येतो, दुखत नाही, आणि आपोआप भरून येतो. म्हणून माणूस फसतो. एचआयव्हीच्या रक्तचाचणीत संसर्ग दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी रक्त घेतात ते पाया म्हणून. मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात संबंध नाही, किंवा निरोधशिवाय नाही.

भाच्याची तपासणी झाली, नमुना घेतला, एचआयव्ही, गरमी व कावीळ-बी यांसाठी रक्त घेतले. लक्षणे परम्याचीच होती, म्हणून अहवालाची वाट न पाहता करड्या रंगाच्या पाकिटातल्या गोळ्या तिथेच समोर गिळायला लावल्या. सरकारी केंद्रांत लक्षणांनुसार औषधांची पाकिटे रंगांनी ओळखतात. पैसे पडले नाहीत. चारचौघांत नाव पुकारले नाही.

"बाईंनी आणखी एक सांगितलं," भाचा म्हणाला. "त्या बाईलाही कळवा. तिलाही औषध हवं. नाही तर तुम्ही बरे व्हाल आणि ती आजारी राहील."

"मग?"

"कळवलं. इथूनच फोन केला." तो थोडा थांबला. "ती म्हणाली, थँक यू. मला वाटलं होतं शिव्या देईल."

मी पिशवीतून पत्र काढले आणि त्याला वाचायला दिले. बाकावर बसून त्याने ते दोनदा वाचले. बालबोध असूनही जुने वळण त्याला अडखळवत होते. गुजराती शाळेत शिकलेला मुलगा. "मामा, याचा अर्थ पणजोबांच्या बहिणीला… नवऱ्याकडून?" मी मान हलवली.

"आणि कोणी विचारलंच नाही?"

"तिने विचारलं. उत्तर कोणी दिलं नाही."

तपासणी म्हणजे हक्क

शंभर वर्षांत काय बदलले? औषध तर बदललेच. १९४३ मध्ये अमेरिकेत महोनी यांनी गरमीवर पेनिसिलीन चालते हे दाखवले आणि पारा, सालव्हर्सन सारे इतिहासजमा झाले. सुरुवातीच्या गरमीला आज एक इंजेक्शन पुरते. गरोदर बाईची गरमी व एचआयव्ही यांची तपासणी सरकारी दवाखान्यात नेहमीच्या तपासण्यांबरोबर होते. आत्याआजीला हे मिळाले असते तर दांडिया बाजारात आज तिची नातवंडे-पतवंडे असती.

पण तपासणीचा अर्थ बदलायला औषधापेक्षा जास्त वेळ लागला. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित नमुने शोधले. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. तमिळ मुलखातल्या मराठी घराण्यातल्या. आपल्यासारख्याच दोन भाषांच्या घरातल्या. पुढचे सारे आयुष्य त्यांनी बाधितांच्या उपचारांत घालवले. पण पहिले नमुने कोणाचे होते? देहविक्रय करणाऱ्या बायकांचे. पुन्हा त्यांच्यावरच बोट.

आपल्या शेजारच्या गोव्यात तर तपासणी थेट तुरुंगापर्यंत गेली. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करी. १९८९ मध्ये त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याला पोलिसांनी नेले आणि म्हापशात जुन्या क्षयरोग्यांच्या इमारतीत ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तरतूद उचलून धरली. डॉमिनिक सुटल्यावर इतरांसाठी काम करू लागला आणि १९९२ मध्ये गेला. लॉक हॉस्पिटल जाऊन शंभर वर्षे झाली होती, पण दाराला कुलूप तेच होते.

आणि ज्यांच्यावर कोणी बोट ठेवले नाही त्यांचे काय झाले? पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांत ३९१ बायका देहविक्रय न करणाऱ्या होत्या. बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध आला नव्हता. त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. हा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. मला त्यात एकच वाक्य दिसते, १९२१ चे: यांचे रक्त का पाहत नाहीत?

कुलूप उघडायला सुरुवात केली ती बोट दाखवले गेलेल्यांनीच. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेचे काम सुरू झाले आणि १९९६ मध्ये तिथल्या बायकांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापली. सांगली-मिरजेपासून उत्तर कर्नाटकापर्यंत या बायका स्वतः निरोध वाटू लागल्या, एकमेकींना दवाखान्यात नेऊ लागल्या. ज्यांना पूर्वी पोलीस ओढून तपासणीला नेत, त्यांनी तपासणी आपल्या हातात घेतली. शेवटी २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. आता माणसाला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही, आणि निकालावरून नोकरी, शाळा, घर नाकारता येत नाही. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून कोणीही, नाव न सांगता विचारू शकतो.

आणि बडोदे? १९४९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच महाविद्यालयात लैंगिक संसर्गांची प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळा आहे. दूरदूरच्या दवाखान्यांच्या चाचण्या बरोबर होतात की नाही हे पाहणे, तिथल्या लोकांना शिकवणे हे तिचे काम. ज्या गावात आत्याआजीच्या नवऱ्याचे रक्त पाहायला कोणी तयार झाले नाही, ते गाव आज इतरांच्या तपासण्या तपासते.

लग्न

पहिल्या अहवालात परमा निघाला. गोळ्यांनी तो बरा झाला. बाकीचे अहवाल निर्दोष होते, पण ते पायाचे अहवाल होते. तीन महिने फेब्रुवारीच्या मध्याला पुरे होत होते आणि लग्न त्याच्या आधी होते.

"तारीख पुढे ढकलावी लागेल," मी म्हणालो.

"कारण काय सांगू?"

"घरात काहीही सांग. माझी तब्येत बिघडली म्हण, मी सांभाळून घेतो. पण तिला खरं सांग."

त्या रात्री तो जेवला नाही. बहिणीने मला विचारले, "दादा, याचं काही बिनसलंय का?" मी म्हणालो, "बिनसलं होतं, नीट करतोय. वेळ आल्यावर तोच सांगेल." बहिणीने माझ्याकडे पाहिले, आणि पुढे विचारले नाही.

मुलीला त्याने चार दिवसांनी सांगितले. तिने फोन ठेवला. दहा दिवस उचलला नाही. त्या दहा दिवसांत मला दोनदा वाटले, की गप्प बसायला सांगितले असते तर? कोणाला कळणार होते? परमा बरा झालाच होता. मग कपाट उघडून पत्र बघत असे आणि पुन्हा बंद करीत असे.

अकराव्या दिवशी तिचा निरोप आला. लग्न वैशाखात करू. तोवर तू सगळे अहवाल दे, मीही माझे देते. आणि एक अट घातली: "पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवायचं झालं, तर आधी त्या पत्रातल्या आजींची आठवण कर." भाच्याने तिला पत्राचा फोटो पाठवला होता, हे मला तेव्हा कळले.

सहा आठवड्यांचा अहवाल निर्दोष आला. तीन महिन्यांचाही. तिचेही अहवाल आले. वैशाखात लग्न झाले. पत्रिका दोन भाषांत छापली होती, डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती. दोन्ही घरांनी कुंडल्या पाहिल्या होत्या, गुण जुळवले होते. त्या कागदांच्या खाली नवरा-नवरीने आपले आणखी दोन कागद ठेवले होते, हे मांडवात आम्हा तिघांनाच ठाऊक होते.

लग्न आटोपून निघताना भाचा स्टेशनवर सोडायला आला. म्हणाला, "मामा, ते पत्र इथे ठेवाल का? बडोद्याचंच आहे ते."

मी दिले. आत्याआजीने दादाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराने द्यायला एकशे चार वर्षे लावली. वाचकहो, आपल्या घरच्या जुन्या कागदांतही असे एखादे पत्र असेल. नसेल तर ते लिहिलेच गेले नसेल. यंदाच्या फराळाला जमलेल्या पोराबाळांत एखादा मुलगा वा मुलगी "जरा बाजूला या, बोलायचंय" म्हणाली, तर हातातली करंजी ताटात ठेवा आणि माडीवर जा.